स्पीकर मोठा, की आवाज मोठा?

पालघर तालुक्यात, बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीजवळ पाम नावाचे गाव आहे. या परिसरातल्या एका शाळेचे विज्ञानशिक्षक स्नेहसंमेलनाच्या आधी एक अडचण घेऊन माझ्याकडे आले. शाळेत गिटार वाजवणारी तीन-चार मुले आहेत. त्यांच्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने दिलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि त्यात १२ इंची स्पीकर आहे. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात गिटारचा आवाज कोणालाच आवडला नव्हता. म्हणून मुलांनी वर्गणी गोळा केली होती आणि बाजारात १५ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर पाहून ठेवला होता.

“पंधरा इंची घेतला की प्रश्न मिटेल ना?” सरांनी विचारले.

“आवाज कमी पडला, असे नेमके कोण म्हणाले?” मी उलट विचारले.

सर विचारात पडले. मग त्यांनी तीन तक्रारी सांगितल्या. समोर मधोमध बसलेल्या मुलांनी कानांवर हात ठेवले होते, कारण आवाज कर्कश होता. बाजूला बसलेले पालक म्हणाले, की आवाज येत होता, पण सूर स्पष्ट कळत नव्हते. आणि स्वतः वाजवणारा मुलगा म्हणाला, की त्याला गिटार घुमल्यासारखी, बोथट ऐकू येत होती. म्हणून त्याने तीव्र सुरांचे बटण पूर्ण फिरवून ठेवले होते. ‘आवाज लहान पडला’ अशी तक्रार या तिघांपैकी एकाचीही नव्हती.

वर्गणी मुलांच्या खाऊच्या पैशांतून आली होती. ती खर्च करण्याआधी स्पीकरच्या आकाराने नेमके काय बदलते, हे समजून घ्यावे असे आम्ही ठरवले. या लेखात तेच पाहू या. त्यासाठी नववी-दहावीच्या पुस्तकातल्या ध्वनीच्या ज्ञानापलीकडे फारसे काही लागत नाही.

तार, चुंबक आणि कागदाचा शंकू

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तारेचे कुंतल गुंडाळलेले असते. तार कंप पावली की कुंतलातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात अगदी क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. आपल्याकडे हळदीला आणि मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ही याच तत्त्वावर चालतो. नावाने बेंजो असला तरी ते मुळात बुलबुलतरंग आहे. त्याचा पूर्वज म्हणजे जपानमधील नागोया येथे १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेले ताइशोगोतो हे वाद्य. त्याच्या तारांखाली गिटारसारखे कुंतल बसवले, की तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतो.

अ‍ॅम्प्लिफायर हा क्षीण दाब वाढवतो आणि स्पीकरला पुरेसा विद्युतप्रवाह देतो. स्पीकरमध्ये सगळे उलट्या क्रमाने घडते. चुंबकाच्या फटीत एक हलके कुंतल असते, प्रवाह वाहू लागला की त्यावर बल लागते आणि त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू पुढेमागे हलतो. आज आपण वापरतो तो स्पीकर मुख्यतः चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना मांडलेल्या रचनेवर आधारलेला आहे. शंभर वर्षांत चुंबक बदलले, गोंद बदलले, पण रचना तीच राहिली.

वर्गात हे दाखवायला भंगारातल्या रेडिओचा स्पीकर पुरतो. १.५ व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावावा. ‘टक्’ असा आवाज होऊन शंकू पुढे सरकतो. सेलची टोके उलट केली की शंकू मागे सरकतो. सेल लावून ठेवला तर शंकू सरकलेला राहतो, पण आवाज मात्र येत नाही. ध्वनीसाठी नुसते सरकणे पुरत नाही, सतत पुढेमागे हलावे लागते, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते.

हवा ढकलायची किती?

स्पीकरचे काम हवा ढकलण्याचे. हातपंख्याने वारा घ्यायचा तर मोठा पंखा सावकाश हलवला तरी चालतो, लहान पंखा मात्र जोरात हलवावा लागतो. शंकूचेही तसेच आहे. ठरावीक सूर ठरावीक जोराने ऐकवायचा असेल, तर शंकूचे क्षेत्रफळ गुणिले त्याची हालचाल, म्हणजेच ढकललेल्या हवेचे घनफळ, ठरावीक असावे लागते.

येथे वारंवारतेचा संबंध येतो. तेवढाच ध्वनिदाब निर्माण करायचा असेल, तर वारंवारता निम्मी झाल्यावर हालचाल चौपट करावी लागते. म्हणून खर्जाचे सूर स्पीकरकडून खूप हालचाल मागतात, तर तीव्र सुरांना शंकू जेमतेम थरथरला तरी भागते.

आकडे घालून पाहू. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिची मूळ वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते. स्पीकरपासून एक मीटरवर या सुराचा १०० डेसिबल इतका मोठा आवाज हवा असेल, तर स्पीकर मोठ्या फळीत बसवलेला आहे असे धरून गणित करता येते. शंकूने मधल्या स्थितीपासून प्रत्येक बाजूला सुमारे ५७ घनसेंटिमीटर हवा ढकलावी लागते. ही साधारण एका कटिंग चहाइतकी हवा झाली. एवढी हवा वेगवेगळ्या आकारांच्या शंकूंना कशी ढकलावी लागेल, ते खालच्या कोष्टकाच्या चौथ्या स्तंभात दिले आहे. स्पीकरचा ‘इंचांतला आकार’ हे त्याच्या बाहेरच्या चौकटीचे माप असते. प्रत्यक्ष हलणारा भाग त्याहून लहान असतो, म्हणून तोही वेगळा दिला आहे.

| आकार (इंच) | हलणारा व्यास (सेंमी) | क्षेत्रफळ (चौ. सेंमी) | ८२ हर्ट्झला हालचाल (मिमी) | ५००० हर्ट्झला झोताची कड (अंश) |
|---|---|---|---|---|
| ८ | १६.५ | २१५ | २.६ | ३१ |
| १० | २१ | ३४५ | १.६ | २४ |
| १२ | २६ | ५३० | १.१ | १९ |
| १५ | ३३ | ८५५ | ०.७ | १५ |

शेवटचा स्तंभ सध्या बाजूला ठेवू. चौथा स्तंभ पाहा. ८ इंची शंकूला अडीच मिलिमीटरहून अधिक हलावे लागते, तर १५ इंचीला एक मिलिमीटरही नाही. शंकू फार हलला की कुंतल चुंबकाच्या फटीतून बाहेर येऊ लागते, आवाज फाटतो आणि शेवटी स्पीकर निकामी होतो. गिटारच्या स्पीकरचे शंकू हलके असतात आणि फार लांब सरकण्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून मोठ्या शंकूचा पहिला खरा फायदा हा, की खर्जाचे सूर तो कमी कष्टात देतो.

बास गिटारची जाड तार तर ४१ हर्ट्झची, म्हणजे हालचाल चौपट हवी. ८ इंची शंकूला एक सेंटिमीटरहून अधिक सरकावे लागेल. हे साध्या स्पीकरला झेपणारे नाही. म्हणून बाससाठी १५ इंची स्पीकर किंवा अनेक लहान स्पीकर एकत्र वापरतात.

‘अनेक लहान’ या पर्यायाचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेतील लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५२ मध्ये बास गिटारसाठी ‘बासमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्यात एक १५ इंची स्पीकर होता. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून त्यात १० इंची चार स्पीकर बसवले जाऊ लागले. क्षेत्रफळाची बेरीज करा : चार १० इंची मिळून १३८० चौ. सेंमी, एक १५ इंची ८५५ चौ. सेंमी. आकड्यात दहा हे पंधरापेक्षा लहान, पण चार दहा मिळून एका पंधराला सहज मागे टाकतात. हा अ‍ॅम्प्लिफायर पुढे साध्या गिटारवाल्यांनाच अधिक आवडला. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये त्याच धर्तीवर आपले अ‍ॅम्प्लिफायर सुरू केले आणि बंद पेटीत १२ इंची चार स्पीकर बसवले. त्यामागे व्यवहारही होता. त्या काळचा १२ इंची स्पीकर १५-२० वॅटच सोसू शकत असे. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती चौघांत वाटली तर एकही जळत नसे.

मग मोठ्या स्पीकरचा आवाज मोठा असतो का?

नुसत्या आकारावरून तसे सांगता येत नाही. त्यासाठी स्पीकरची संवेदनशीलता पाहावी लागते. स्पीकरला १ वॅट शक्ती दिली असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, तो हा आकडा. गिटारच्या चांगल्या १२ इंची स्पीकरचा आकडा ९७ ते १०० डेसिबलच्या आसपास असतो, काही लहान स्पीकरांचा ९०च्या जवळ. डेसिबलची मोजपट्टी लॉगरिदमवर आधारलेली आहे. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, पाचपट केली की ७ आणि दसपट केली की १०. म्हणजे ९० डेसिबलच्या स्पीकरला ५ वॅट द्यावेत, तेव्हा तो ९७ डेसिबलच्या स्पीकरच्या १ वॅटची बरोबरी करतो. स्पीकर बदलल्याने अ‍ॅम्प्लिफायर पाचपट मोठा केल्यासारखे होते! उलट २० वॅटऐवजी ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणला, तर वाढ फक्त ३ डेसिबलची. ती कानाला कळते, पण ‘दुप्पट’ वाटत नाही. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते.

क्षेत्रफळ वाढले की शंकूची हवेवरची पकड वाढते, म्हणून संवेदनशीलता वाढायला मदत होते. पण शंकू जड झाला तर ती घटते. १५ इंची बास-स्पीकरचा जाड, जड शंकू १२ इंची हलक्या शंकूपेक्षा कमी संवेदनशील असू शकतो. मोठा आकार आणि मोठा आवाज यांची गाठ पक्की नाही, ती अशी.

हवेवरची पकड ही कल्पना आपल्या भागातील मुलांना तारप्यावरून चटकन समजते. तारप्यात दुधी भोपळ्याच्या आत कंप पावणारी जिभली अगदी लहान असते. नुसती ती वाजवली तर आवाज क्षीण येतो. ताडाच्या पानांचा लांब, टोकाकडे रुंद होत जाणारा कर्णा जोडला की तोच आवाज पाड्यापाड्यांत पोचतो. कंपनाची शक्ती हवेला नीट सुपूर्द करण्याचे काम कर्ण्याचे रुंद तोंड करते, स्पीकरमध्ये ते शंकूचा पसारा करतो.

आकार कोणाच्या मानाने मोठा?

आता कोष्टकातील शेवटचा स्तंभ. सरांच्या शाळेतील प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

ध्वनीचा वेग आपल्या उष्ण हवेत सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरू. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. गिटारच्या ८२ हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सव्वाचार मीटर, सर्वांत बारीक मोकळ्या तारेच्या ३३० हर्ट्झची एक मीटरहून थोडी अधिक. बावीस पट्ट्यांच्या गिटारवर सर्वांत वरचा सूर सुमारे ११७५ हर्ट्झचा असतो. त्याची तरंगलांबी भरते ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १२ इंच! पण वाद्याचा आवाज मूळ सुरापुरता नसतो. त्यात दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरकही असतात. गिटारचा खणखणीतपणा, तार छेडल्याचा स्पर्श, सुरांचा स्पष्टपणा हे सारे २००० ते ५००० हर्ट्झच्या स्वरकांवर अवलंबून असते. ५००० हर्ट्झची तरंगलांबी फक्त ७ सेंटिमीटर.

तरंग आपल्या लांबीच्या मानाने लहान उगमातून निघाला तर सर्व दिशांना पसरतो. उगम तरंगलांबीपेक्षा मोठा असेल तर झोत तयार होतो. प्रकाशाच्या विवर्तनात आपण हेच शिकवतो. दुर्बिणीच्या विभेदनक्षमतेचे जे सूत्र अकरावी-बारावीला येते, तेच येथे लागू पडते : झोताच्या कडेच्या कोनाची साइन = १.२२ × तरंगलांबी ÷ व्यास. कोष्टकातील शेवटचे आकडे याच सूत्राने काढले आहेत. अक्षापासून तेवढ्या अंशांवर तो सूर जवळजवळ नाहीसा होतो.

८२ हर्ट्झच्या सव्वाचार मीटर लांबीच्या तरंगाला ८ इंची काय आणि १५ इंची काय, दोन्ही शंकू ठिपक्यासारखेच. तो सगळीकडे सारखा पसरतो. पण ५००० हर्ट्झला १२ इंची शंकू टॉर्चसारखा वागतो. अक्षापासून १९ अंशांवर झोत संपतो. १५ इंची शंकूचा झोत त्याहून अरुंद, १५ अंशांचा. ८ इंचीचा मात्र ३१ अंशांपर्यंत पसरतो.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. हे गणित शंकू ताठ राहून एकसारखा हलतो असे धरून केलेले आहे. खरा कागदी शंकू तीव्र सुरांना लवतो, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे हलतात. त्यामुळे प्रत्यक्ष झोत गणितापेक्षा थोडा निराळा येतो, आणि प्रत्येक स्पीकरला स्वतःचा असा आवाजाचा पोत मिळतो. तरीही ‘मोठा शंकू, अरुंद झोत’ हा कल कायम राहतो.

आता सरांच्या कार्यक्रमाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅम्प्लिफायर व्यासपीठाच्या जमिनीवर ठेवलेला. स्पीकरचा मध्य जमिनीपासून साधारण २५ सेंमी उंच. वाजवणारा मुलगा त्याच्यापुढे एक मीटरवर उभा, कान दीड मीटर उंचीवर. अक्षापासून त्याच्या कानाचा कोन ५१ अंश भरतो. तीव्र सुरांचा झोत त्याच्या गुडघ्यांवर आदळत होता! त्याला गिटार बोथट ऐकू आली यात नवल नाही. म्हणून त्याने तीव्र सुरांचे बटण पूर्ण वाढवले. समोर मधोमध सतरंजीवर बसलेली मुले मात्र झोताच्या ऐन वाटेत होती. त्यांना वाढवलेला सगळा कर्कशपणा मिळाला. बाजूला, चाळीस अंशांवर बसलेल्या पालकांपर्यंत खर्ज पोचला आणि स्पष्टपणा पोचला नाही. तिन्ही तक्रारींचे कारण एकच.

आणि १५ इंची स्पीकर आणला असता तर? झोत आणखी अरुंद झाला असता, म्हणजे तिन्ही तक्रारी वाढल्या असत्या. मोठ्या स्पीकरचा आवाज ‘जड’ किंवा ‘मंद’ असतो, असे वादक म्हणतात. मोठा शंकू हळू हलतो असे त्याचे कारण सांगितले जाते, पण बऱ्याचदा खरे कारण असे असते, की ऐकणारा अक्षाच्या बाहेर उभा असतो आणि तीव्र स्वरक त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आम्ही पहिला उपाय बिनखर्चाचा केला. जुना १२ इंची अ‍ॅम्प्लिफायर एका लाकडी खुर्चीवर ठेवला, मागे कलता, म्हणजे त्याचे तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे होईल. दोन वाक्ये वाजवल्यावर मुलगा थांबला आणि त्याने स्वतःहून तीव्र सुरांचे बटण अर्ध्यावर आणले. बाजूच्या श्रोत्यांसाठी शाळेच्या सभागृहातील माइक स्पीकरसमोर ठेवला आणि तो आवाज बाजूच्या दोन भिंतींवरच्या पेट्यांमधून थोडासा दिला.

पेटीचे काम

स्पीकरइतकेच महत्त्व त्याच्या पेटीला आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खर्जाच्या सुरांत मागचा विरळ तरंग वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्या दाबाला जवळजवळ पुसून टाकतो. हे व्यतिकरण विद्यार्थ्यांना ऐकवता येते. उघडा स्पीकर हातात धरून गाणे लावावे. आवाज किरटा येतो. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यावर स्पीकर घट्ट टेकवावा. खर्ज एकदम भरून येतो, वर्गातून ‘अरे!’ असा उद्गार हमखास निघतो. पुठ्ठा हे पेटीचेच काम करतो. मागच्या तरंगाची पुढे येण्याची वाट लांब करतो.

काही गिटार-अ‍ॅम्प्लिफायरांची पेटी मागून अर्धी उघडी असते. त्यात खर्ज थोडा कमी मिळतो, पण आवाज मागच्या भिंतीवरूनही परतून खोलीभर पसरतो. बंद पेटीत खर्ज घट्ट येतो, पण सगळा आवाज पुढेच जातो. म्हणून ‘१० इंची की १२ इंची’ हा प्रश्न पेटी कोणती, हे ठाऊक असल्याशिवाय अर्धवटच राहतो. चांगल्या पेटीतला १० इंची, वाईट पेटीतल्या १२ इंचीपेक्षा भरदार वाजू शकतो.

कान आणि मेंदूही येथे मदत करतात. लहान स्पीकर ८२ हर्ट्झचा मूळ सूर नीट देऊ शकला नाही, तरी १६४, २४६, ३२८ हर्ट्झचे स्वरक ऐकून मेंदू मूळ सुराची उच्चनीचता स्वतः ठरवतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवरही गिटारची जाड तार ओळखू येते ती यामुळे.

मोठ्या आवाजाची दुसरी बाजू

हळदीच्या रात्री किंवा मिरवणुकीत १५ आणि १८ इंची स्पीकरांच्या भिंती उभ्या राहतात. मोठे शंकू खर्ज सहज देतात आणि खर्जाच्या लांब तरंगांना घराच्या भिंती फारशा अडवत नाहीत. ते कोपऱ्यांना वळसा घालून, खिडक्या हादरवत आत येतात. त्यातून आणखी एक फसगत होते. आवाज मोजताना वापरली जाणारी ‘ए’ मोजपट्टी कानाच्या संवेदनेनुसार खर्ज कमी धरते. ६३ हर्ट्झच्या आवाजातून ती २६ डेसिबल वजा करते. त्यामुळे छातीत धडधड करणारा खर्जही आकड्यात सौम्य दिसू शकतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा धरतात, तेथे मर्यादा ५० आणि ४०. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे एक मीटरवर १०० डेसिबल असलेला आवाज १० मीटरवर ८० आणि १०० मीटरवर ६० राहतो, तरीही तो शाळेच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने अधिकच.

कानांसाठी एक साधा हिशोब विद्यार्थ्यांना द्यावा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. रोज सराव करणाऱ्या गिटारवादकाने हे विसरू नये. कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

निवड कशी करावी?

एकट्याने घरी सराव करायचा असेल तर ८ इंची स्पीकर पुरतो. वर्गात किंवा लहान सभागृहात गिटारसाठी १० किंवा १२ इंची. गिटारच्या स्पीकरांचा पल्ला बहुधा ७५ ते ५००० हर्ट्झच्या आसपास असतो. या पल्ल्याच्या खालच्या टोकाला पुरेशी हवा ढकलायची आणि वरच्या टोकाला झोत फार अरुंद होऊ द्यायचा नाही, या दोन मागण्यांची तडजोड १०-१२ इंचांवर होते. जगभर हेच आकार रुळले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. बास गिटार असेल तर १५ इंची किंवा अनेक १० इंची घ्यावेत. आणि प्रत्येक वेळी इंचांबरोबर संवेदनशीलता, पेटी आणि स्पीकर ठेवण्याची जागा विचारावी.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग शेवटी सुचवतो. मैदानात, भिंतींपासून दूर, १२ इंची स्पीकर स्टुलावर ठेवावा. मोबाइलवरील सूरनिर्मितीचे अ‍ॅप अ‍ॅम्प्लिफायरला जोडून क्रमाने २००, १००० आणि ५००० हर्ट्झचे सूर हळू आवाजात लावावेत. स्पीकरभोवती तीन मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ चुन्याने आखून त्यावर दर १० अंशांना खूण करावी. विद्यार्थ्यांनी एक कान झाकून या अर्धवर्तुळावरून चालावे आणि सूर कोठे क्षीण होतो ते नोंदवावे. मग हाच प्रयोग रेडिओच्या लहान स्पीकरवर करावा. दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले की विवर्तनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

पामजवळच्या त्या शाळेत हा प्रयोग नववीच्या मुलांनी केला. ५००० हर्ट्झला बहुतेकांच्या खुणा वीस अंशांच्या आसपास पडल्या. वर्गणीचे काय करायचे, हे मुलांनी आलेख पाहून ठरवले. १५ इंची अ‍ॅम्प्लिफायर रद्द झाला, पुढच्या वर्षी बास गिटार येईपर्यंत पैसे शाळेच्या खात्यात राहतील. खुर्ची मात्र व्यासपीठावर कायमची ठेवली आहे.